फ्लॉसीचा ओळंबा

फ्लॉसीला भित्री म्हणणाऱ्यांना एकदा माझ्यासमोर आणा, मग बघते एकेकाला. भित्री ती होतीच, मी कुठे नाही म्हणते? वसईतल्या अख्ख्या गास गावात तिच्याइतकी भित्री बाई शोधून सापडली नसती. आभाळात जरा गुरगुरलं, की झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली झावळी चुलीत घालून ही घरभर धूर करायची आणि तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत कोपऱ्यात बसायची. कुत्रं भुंकलं की भीती, विहिरीवर एकटीनं जायची भीती, नवऱ्याला यायला उशीर झाला की भीती. आम्ही चिडवायचो, "फ्लॉसे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" तर म्हणायची, "आमच्यात ब्रह्मराक्षस नसतो गं, सैतान असतो." आणि लगेच छातीवर क्रूस काढायची. आता अशा बाईला काय बोलणार?

पण ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला आमच्या शेडमध्ये जे झालं, ते मी या दोन डोळ्यांनी बघितलंय. म्हणून मी कुणाला तिच्यावर हसू देत नाही.

मी प्रेमलता, शेजारच्या निर्मळ गावची. आमची जुईची आणि मोगऱ्याची वाडी. फ्लॉसी ख्रिस्ती, आम्ही हिंदू वाडवळ, पण त्यानं काही अडलं नाही. दोघींची ओळख त्या शेडमध्येच झाली. गासच्या रस्त्याला, फ्लॉसीच्या सासऱ्यांच्या वाडीच्या टोकाला, मुंबईच्या एका मालकानं पत्र्याची ही मोठी शेड घातली होती. सासऱ्यांचं नाव पास्कू, सगळा गाव त्यांना पास्कूबा म्हणायचा. जागा त्यांनी भाड्यानं दिली आणि बोलीच केली, की माझा मुलगा व्हिन्सेंट फिटर म्हणून लागेल आणि सुनेलाही काम मिळेल. दोघं लागली, आणि वर्षाच्या आत पास्कूबा वारले.

त्या जागी पूर्वी बावखल होतं. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. केळी-फुलांना पाणी त्याचंच. तेव्हा नळ आले, पंप आले, जो तो उठून बावखलं बुजवायला लागला होता. शेडला जागा हवी म्हणून पास्कूबांनीही बुजवलं. मालकानं विचारलं तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाले, "मुरूम घालून, पाणी मारून, दाबून भरलंय. वर हत्ती नाचवा." पास्कूबांचा शब्द म्हणजे शब्द. चर्चमधल्या वर्गणीचं सगळं त्यांच्याकडे असायचं, आणि कधी कुणी हिशेब मागितला नाही. तिथं मुरूम उकरून कोण बघणार?

शेडमधलं काम मात्र जगावेगळं. मुंबईच्या एका मोठ्या संशोधन संस्थेसाठी यंत्र उभं करायचं होतं. यंत्र कसलं, लोखंडाचा डोंगर! जाडजूड प्लेटा एकीवर एक रचायच्या, दोन प्लेटांच्या मध्ये चौकोनी नळ्यांचा थर, प्रत्येक नळीत वायू भरलेला आणि मधोमध केसासारखी तार ताणलेली. एखादा अगदी बारीक कण, डोळ्याला कधी दिसणार नाही असा, त्यातून गेला, की ज्या ज्या नळीतून तो गेला तिथली तार खूण देणार. त्या खुणा जोडल्या की त्याची वाट कळणार. आधी वसईत सगळं रचून बघायचं, मापं पक्की करायची, मग सोडवून दक्षिणेतल्या एका खाणीत खोल नेऊन पुन्हा रचायचं.

हे सगळं आम्हाला रघुरामन साहेबांनी समजावलं. संस्थेचे शास्त्रज्ञ, काटकुळे, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, मराठी मोडकी पण मायेची. जुईचे गजरे करणाऱ्या बायका हव्यात, त्यांचा हात थरथरत नाही, असं त्यांनीच मालकाला सांगितलं होतं. फ्लॉसीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "पण साहेब, बघायचं काय आहे यात?"

साहेब म्हणाले, "सगळ्या वस्तूंच्या पोटात एक कण असतो. तो कधी मरतो का, ते बघायचं."

"देवा! कुणाचं मरण बघायला एवढं लोखंड?" आणि क्रूस काढला. साहेब इतके हसले की चष्मा खाली पडला.

आमचं काम मापांचं. एक जरी थर जरासा सरकला, तर सरळ आलेल्या कणाची वाटही वाकडी दिसणार, मग सगळंच मुसळ केरात. म्हणून चार कोपऱ्यांना चार ओळंबे सोडलेले. गवंडी भिंतीला लावतो तसलेच, पण दोरीच्या जागी पोलादाची बारीक तार, आणि खालचं वजन तेलाच्या डब्यात बुडवलेलं, म्हणजे ते झुलत नाही. प्रत्येक थराच्या कडेला एक खूण कोरलेली. त्या खुणेपासून तार किती लांब, ते भिंगातल्या पट्टीवर वाचायचं. फ्लॉसी वाचायची, मी लिहायची. वाचताना ती श्वास धरायची, कारण नुसत्या श्वासानंही तार हलते. मला ते जमायचं नाही, मला बोलायची सवय. "प्रेमल, तोंड मीट गं बाई," असं ती दिवसातून दहा वेळा म्हणायची.

आणि व्हिन्सेंटचं काम? तो सगळा डोंगर जाड लोखंडी तुळयांवर उभा होता, आणि तुळयांच्या मध्ये, जमिनीलगत, माणूस उताणा सरकेल एवढीच फट. वायूच्या नळ्या खालून जोडायच्या. चाकं लावलेल्या फळीवर उताणा पडून व्हिन्सेंट आत जायचा. बाहेर दिसायचे ते फक्त त्याचे बूट. वर सगळं लोखंड, आणि खाली हा गडी शीळ घालत पाना फिरवतोय.

आणखी तीन फिटर होते शेडमध्ये. कधीतरी एखादा म्हणायचा, "आज मी जातो रे, तुझी पाठ गेली असेल." व्हिन्सेंट कुणाला फळीला हात लावू द्यायचा नाही. "मीच जातो. तुम्हाला नाही जमायचं." मी माझ्या स्वभावाप्रमाणे टोचायची, "विन्सूभाऊ, साहेबांची शाबासकी काय एकट्यानंच खायची? हावरट कुठले!" एरवी चेष्टेत पुढे असणारा माणूस, पण यावर कधी हसला नाही. मला वाटायचं, बाप गेल्याचं दुःख असेल.

निम्म्यापेक्षा जास्त प्लेटा चढल्या आणि मग ते सुरू झालं. वाडीकडच्या कोपऱ्यातली मापं हलायला लागली. फार नाही हो, जुईच्या देठाच्या जाडीएवढीही नाही. पण आदल्या दिवशी होती ती आज नाही, आणि आजची उद्या नाही. फ्लॉसी घाबरली, तिला वाटलं आपले डोळे गेले. साहेबांनी तिच्या जागी मला वाचायला बसवलं. मी श्वास धरून वाचलं, आकडा तोच. मग साहेबांनी स्वतः वाचलं, तोच. भिंग बदललं, तार बदलली, तरी तोच. लोखंडाचा डोंगर कलत होता, म्हणजे तो कोपरा खाली चालला होता.

साहेबांनी मालकाला विचारलं, मालकानं व्हिन्सेंटला बोलावलं. "काय रे, तुमचीच जागा. जमीन कशी आहे?"

"पक्की," व्हिन्सेंट म्हणाला. "मुरूम आहे." आणि कान चोळत उभा राहिला.

साहेबांना खोटं का वाटावं? ते म्हणाले, तुळयांखालच्या लाकडी पट्ट्या दबत असतील. त्या कोपऱ्यात लोखंडी पातळ पत्रे सरकवायचे ठरलं. ते सरकवायलाही व्हिन्सेंटच आत गेला. दोन-तीन दिवस माप बरोबर आलं, सगळ्यांना हायसं वाटलं. चौथ्या दिवशी फ्लॉसीनं भिंगातून डोळा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मला आकडा सांगायचीही गरज पडली नाही.

त्या दिवसापासून तिची जी तगमग झाली, ती मीच जाणे. व्हिन्सेंट आत सरकला, की हिचं सगळं लक्ष तिकडे. हात कामावर, डोळे बुटांवर. बूट जरा वेळ हलले नाहीत, की "विन्सू!" अशी हाक. आतून "काय आहे?" असा वैतागलेला आवाज आला, की मग पुढचं माप.  मी पण आता चेष्टा करेनाशी झाले. खरं सांगू, मीही त्या लोखंडाला वळसा घालून जायला लागले. पूर्वी आम्ही डबा त्याच्या सावलीत बसून खायचो. आता बाहेर केळीखाली उन्हात बसायला लागलो.

एके दिवशी तिथंच बसून तिनं सांगितलं. "मी काल विचारलं त्याला. म्हटलं, खरं सांग, बाने मुरूमच घातला होता ना? तर ताटावरून उठला गं. माझ्यावर कधी आवाज न चढवलेला माणूस! म्हणतो, बाची वर्षाची मिस्सा व्हायचीये अजून चर्चमध्ये, आणि तू त्याचा शब्द खोटा पाडायला निघालीस?"

"मग साहेबांना सांग, की नवऱ्याला आत पाठवू नका."

"सांगितलं. साहेब हो म्हणाले. तर हाच त्यांना म्हणाला, मीच जाणार. दुसरा गेला तर मी काम सोडीन."

"मेला हट्टी कुठला!" मी म्हटलं. 

ते झालं तो दिवस शनिवारचा होता, हे पक्कं आठवतं, कारण आमचा हाफ डे असायचा आणि त्या दिवशी मालकानं थांबवून घेतलं होतं. सोमवारी मुंबईहून मोठी माणसं यंत्र बघायला यायची होती. दोन प्लेटा चढवायच्या राहिल्या होत्या. त्या चढण्याआधी खालच्या नळ्या जोडून टाकू, म्हणून व्हिन्सेंट फळीवर पडून आत गेला. साहेब पलीकडच्या बाजूला शिडीवर चढून वरची मापं घेत होते. आम्ही दोघी वाडीकडच्या कोपऱ्यात. फ्लॉसी गुडघ्यांवर बसून सगळ्यात खालच्या थराची खूण वाचत होती. मी पेन्सिल धरून उभी.

तिनं आकडा सांगितलाच नाही. मी म्हटलं, "बोल की."

"प्रेमल," ती हळूच म्हणाली, "वास येतोय तुला?"

मी खाली बसले. कोब्याला एक बारीक भेग गेली होती, सकाळी नव्हती ती. तिच्यातून वास येत होता. गोडसर, कुजका, घशात चिकटून राहणारा. वसईतल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. केळीचा घड उतरला की झाड तोडायचं, आणि खोडं वाडीच्या कडेला टाकून द्यायची. पावसापाण्यात ती सडली की हाच वास. आमच्या प्रत्येक वाडीत खोडांचा ढीग असतो. फुकटचा माल, कुणी विचारत नाही. खड्डा भरायचा झाला तर पहिली आठवण त्याचीच येते, कारण खोडानं खड्डा कसा भराभर वर येतो! वर चार टोपल्या मुरूम टाकला, की झाली पक्की जमीन.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मुरमाला वास नसतो.

फ्लॉसीनं परत भिंगाला डोळा लावला आणि मला हाताला धरून खाली ओढलं. "बघ." मी बघितलं. देवाशपथ सांगते, आजही आठवलं की अंगावर काटा येतो. तार चालत होती. म्हणजे ओळंबा जागच्या जागीच, पण खूण त्याच्यापासून लांब सरकताना मला भिंगात दिसत होती. आजवर रोज थोडी सरकायची ती आता डोळ्यांदेखत सरकत होती.  मी ओरडणार, तोच फ्लॉसीनं माझं तोंड दाबलं.

"ओरडू नकोस. ओरडलीस तर तो नाही यायचा. मी ओळखते त्याला."

मग तिनं साध्या आवाजात हाक मारली. "विन्सू, बाहेर ये."

"दोन नळ्या राहिल्यात," आतून आवाज आला.

"आत्ता ये. माझं ऐक."

"फ्लॉसे, लोकांपुढे तमाशा नको. तू तुझी मापं घे."

मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर धावत जाऊन साहेबांना बोलावणार. तिनं काय करावं? भिंग माझ्या हातात दिलं. पदर कमरेला खोचला. छातीवर क्रूस काढला आणि जमिनीवर पालथी पडली. विजेला भिणारी, कुत्र्याला भिणारी ती बाई कोपरांवर सरकत त्या लोखंडाखाली शिरली. आधी डोकं गेलं, मग पाठ, मग पाय. मी तिचा पाय धरला होता, तो तिनं झटकला. मी तिथंच बसून राहिले.  मी, जिला गप्प बस म्हणून सगळे कंटाळले, तिच्या तोंडून शब्द फुटेना.

पलीकडून साहेबांनी बघितलं. "काय करते ती? काय चाललंय?" म्हणत ते शिडीवरून उतरायला लागले. तेव्हा कुठे माझा आवाज फुटला. "साहेब, हळू! लोखंडाला धक्का लावू नका हो!" ते जिथल्या तिथं थबकले. शेडमध्ये अशी शांतता पसरली की खाली दोघं बोलत होते ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. डब्यात बोलल्यासारखे आवाज येत होते.

"वेड लागलं का तुला? जा बाहेर!"

"तू येशील तेव्हा."

"अगं, हे..." तो अडखळला.

"हे काय? बोल ना. हे पडेल, असंच ना? मग तू कशाला पडलायस इथं?"

 आत कुठेतरी तुळई करकरली, अगदी बारीक. माझ्या शेजारचा फिटर मागे सरकला.

"बाने काय घातलं होतं, विन्सू? खोडं ना?"

 मग तो बोलला, आणि त्याचा आवाज रडणाऱ्या माणसाचा होता. "खोडंच. मालकाला घाई होती. बा म्हणाला, खाली कोण बघतंय. मीच टाकलीत गं, या हातांनी. वर मुरूम पसरला."

"म्हणून दुसऱ्या कुणाला आत येऊ देत नव्हतास."

 मी ते ऐकलं, आणि मला माझ्या 'हावरट'ची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

"चल आता," फ्लॉसी म्हणाली.

"बाचं नाव जाईल."

"जाऊ दे नाव. तू नको जाऊस."

परत तुळई करकरली, या वेळी सगळ्यांना ऐकू येईल अशी. मग फळीची चाकं वाजली. आधी फ्लॉसीचे पाय बाहेर आले, कारण तो तिला पुढे ढकलत होता. आम्ही तिला घोट्यांना धरून ओढली. तिची कोपरं सोललेली, केसांना ग्रीस. मग तो. फळी तिथंच आत राहिली, ती काढायचं कुणाला सुचलं नाही. तो उठला, कुणाकडे न बघता सरळ साहेबांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, खाली मुरूम नाही. केळीची खोडं आहेत. मला पहिल्यापासून माहीत होतं."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. रागावतील असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि तुम्ही रोज आत जात होता?" व्हिन्सेंटनं मान खाली घातली. साहेबांनी सगळ्यांना हातातलं टाकायला सांगून बाहेर काढलं.

बाहेर वाडीत आम्ही उभे राहिलो. ऊन कलंडायला लागलं. काहीच होईना. कुणीतरी म्हणालं, "चहा सांगू का?" दुसरा म्हणाला, "उगाच घाबरवलं बायकांनी." मी त्याच्या अंगावर धावून गेले, साहेबांनी मला आवरलं. खरं सांगायचं तर मलाही मनात वाटायला लागलं होतं, की काही नाही झालं तर? मग सगळे फ्लॉसीला हसतील, आणि व्हिन्सेंटची झाकली मूठ उगाच उघडी पडली असं होईल. साहेबांची मापांची कागदपत्रं आत राहिली होती. ते म्हणाले, मी एकटा पटकन जाऊन आणतो. फ्लॉसीनं त्यांच्या शर्टाची बाही धरली. साहेबांची बाही! एरवी त्यांच्यासमोर मान वर न करणारी. म्हणाली, "साहेब, तार चालत होती. मी बघितलीय." ते थांबले.

मग जमिनीनं एकदम ढेकर दिल्यासारखा आवाज झाला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. पायाखालची वाडी हलली, केळीची पानं सळसळली, आणि शेडमध्ये लोखंडावर लोखंड आपटल्याचा जो आवाज झाला तो पार निर्मळपर्यंत गेला म्हणतात. पत्र्यांवरून धूळ उडाली. तो सडका वास सगळीकडे भरला.  व्हिन्सेंट मटकन खाली बसला, आणि फ्लॉसी त्याच्या शेजारी.

धूळ बसल्यावर आम्ही दारातून बघितलं. वाडीकडचा कोपरा कोब्यासकट खाली गेला होता, वरच्या प्लेटा घसरून त्या बाजूला पडल्या होत्या. तुळयांखाली फट म्हणून उरलीच नव्हती. चाकांची फळी कुठे होती ते कळायलाही मार्ग नव्हता. त्या फळीच्या जागेकडे सगळ्यांची नजर गेली आणि सगळ्यांनी काढून घेतली.

पुढे काय व्हायचं तेच झालं. माल संस्थेनं उचलून नेला, काम दुसरीकडे गेलं. मालकानं जागा सोडली, जाताना व्हिन्सेंटला नको नको ते बोलला. त्यानं ऐकून घेतलं. गावानं त्यांच्या घराला 'खोडवाले' नाव पाडलं. गावाला काय, ज्यांच्या स्वतःच्या बावखलात खोडं घातलेली, तेच सगळ्यात मोठ्यानं हसायचे! तुळिंजच्या बाजारात एका बाईनं माझ्यासमोर तो शब्द काढला, तिला मी भाजीवालीच्या टोपलीसमोर अशी फैलावर घेतली की ती परत त्या गल्लीत दिसली नाही.

पास्कूबांच्या वर्षाच्या मिस्सेला व्हिन्सेंट जायला तयार नव्हता. कुठल्या तोंडानं बसू म्हणाला. फ्लॉसीनं त्याला न्हायला पाणी काढून दिलं, इस्त्रीचा शर्ट दिला आणि हाताला धरून पुढच्या बाकावर नेऊन बसवलं. मी मागे उभी होते. फादरनी पास्कूबांचं नाव घेतलं तेव्हा तो हुंदका देऊन रडला, आणि हिनं त्याच्या पाठीवरचा हात मिस्सा संपेपर्यंत काढला नाही.

रघुरामन साहेब एकदा येऊन गेले. तो वाडीकडच्या कोपऱ्यातला ओळंबा त्यांनी फ्लॉसीला दिला. तिनं तो घराच्या तुळईला टांगला, खाली तेलाची वाटी ठेवून. जाता-येता त्याच्याकडे बघायची. मी विचारलं, "काय गं, भिंत सरकते की काय?" तर म्हणाली, "बघितलेलं बरं."

तुम्हाला वाटेल की एवढं झाल्यावर तिची भीती गेली असेल. अजिबात नाही! मी एकदा स्पष्टच विचारलं, की त्या दिवशी तुला आत भीती नाही वाटली? म्हणाली, "वाटली ना. पण प्रेमल, बाहेर उभं राहून त्याचे बूट बघायची भीती जास्त होती. आत निदान त्याचा हात हाताला लागत होता." आणि आभाळात गडगडलं म्हणून झावळी शोधायला लागली.

परवाच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेले होते. पावसाआधी विहीर उपसून गाळ काढायचं काम चालू होतं. व्हिन्सेंट खाली उतरलेला, गुडघाभर चिखलात. आणि ही काठावर बसलेली, दोरीला दोन्ही हातांनी धरून, पाय आत सोडून. हिच्या टाचांनी कडेची माती सुटून खाली पडत होती.

"फ्लॉसे, पाय वर घे!" खालून तो ओरडला. "माती पडतेय डोळ्यांत!"

"पडू दे," ही म्हणाली. "मी आहे एवढं कळतंय ना?"